डोंगरावरचा सूर्य

मला मंगळ आहे, हे बाबा पाहुण्यांना चहाच्या आधीच सांगायचे.

अहो, चहा तरी पिऊ द्यावा माणसांना! पण नाही. बाबा गावचे जोशी, अहेरीतल्या निम्म्या घरांच्या पत्रिका त्यांच्या हातच्या. स्वतःच्या पोरीची तेवढी लपवली असं कोणी म्हणू नये, याचीच त्यांना धास्ती. पाहुणे टेकले रे टेकले की कुंडली पुढे सरकवायची आणि सातव्या घरावर बोट ठेवायचं. “हे जोडीदाराचं घर, भाऊ. इथी मंगळ आहे. पाहून घ्या.” पाहुणे पाहून घ्यायचे आणि वाटेला लागायचे. उरलेले पोहे आम्ही दोघं खात बसायचो. आई माझ्या लहानपणीच तापानं गेली होती, घरात तिसरं कोणी नव्हतंच.

माझ्या बरोबरीच्या पोरी आठवडी बाजारात कडेवर लेकरं घेऊन भेटायच्या. “तुयं कधी, वं?” विचारायच्या. काय सांगणार, डोंबल! मी भाजीची पिशवी उचलून लांबच्या रस्त्यानं घरी यायची, म्हणजे आणखी कोणी भेटू नये.

त्यातच सिरोंच्याचे एक मास्तर वडिलांसोबत मला पाहायला आले. लांबून उपाशी आले होते, म्हणून बाबांनी त्या दिवशी कुंडली जेवणानंतर ठेवली. मास्तर जेवायला बसले आणि जवसाची चटणी पुन्हा मागून घेतली. मी वाढायला वाकले तेव्हा हळूच म्हणाले, “तिखट आहे, पण थांबवत नाही.” मला हसू आलं. इतक्या वर्षांत त्या घरात मी पाहुण्यांसमोर पहिल्यांदा हसले. हा माणूस मला हवा होता, सरळ सांगते. पण हात धुऊन होतात न होतात तोच बाबांचं बोट सातव्या घरावर गेलं. मास्तर वडिलांकडे पाहत राहिले आणि वडील चपला शोधू लागले.

त्या रात्री मी जेवले नाही. बाबांनीही आग्रह केला नाही.

दिवाळीनंतर मावशी आली, आईची बहीण. ती राहायची डोंगराच्या पायथ्याच्या जंगलातल्या खेड्यात. तेच माझं आजोळ, माझा जन्मही तिथलाच. सकाळी अंगणात दात घासता घासता ती म्हणाली, “तुमच्या इथी सूर्य लवकर निघते, बाई. आमच्या इथी डोंगरामागून येतेपर्यंत गाई रानात जातात.”

माझ्या हातातला झाडू तिथंच थांबला. बाबांजवळ बसून बसून मीही थोडंफार शिकले होते. जन्माची वेळ सूर्योदयापासून मोजायची. त्या वेळी पूर्वेला जी रास उगवत असेल ती पहिल्या घरात, तिथून पुढची घरं. आणि माझ्या जन्माचा निरोप अहेरीला आला होता तो एवढाच, की सूर्य निघाला अन् पोरगी झाली. बाबांनी पंचांगातला सूर्योदय धरला होता.

“मावशी, मी झाले तेव्हा गाई गेल्या होत्या?”

“गेल्या होत्या ना वं. दूध काढून, सोडून, सारं झालं होतं.”

बाबांनी पुन्हा गणित मांडलं. माझ्या जन्मावेळी सूर्य राशीच्या अगदी टोकाला होता, त्यामुळे तेवढ्या उशिरानंही पहिलं घर बदललं. मंगळ सातव्यातून सहाव्यात गेला. बाबांनी सारी बेरीज पुन्हा एकदा तपासली. मग म्हणाले, “सहाव्यातला मंगळ चांगला, पोरी. शत्रूले जिंकते.”

“मले कोण शत्रू आहे अहेरीत?” मी फटकन बोलले. पण आतून मी नुसती उडत होते.

बाबांनी नवी पत्रिका स्वच्छ अक्षरात लिहिली आणि लाकडं वाहणाऱ्या ट्रकवर बसून स्वतः सिरोंच्याला गेले. कधी कोणाच्या दारात न जाणारा माणूस! मी घर सारवलं. जवस भाजून ठेवले. वाट पाहिली.

ते परतले ते कितीतरी दिवसांनी. आले ते ओसरीवरच बसले. मी पाणी दिलं आणि विचारलं.

“मास्तरचे वडील लई चांगले बोलले,” ते म्हणाले. “म्हणाले, महाराज, तुम्ही कधी खोटं बोलत नाई. म्हणून तर पहिल्या वेळी सांगितलं तेच आम्ही खरं धरलं.”

मला रडूही येईना. या अंगणात आता कायम आपण दोघंच, एवढं मात्र कळलं.

“मग इतके दिवस कुठी होते?”

“तुया आजोळी गेलो. आई गेली तुयी, त्यानंतर पाय नव्हता ठेवला तिथी.” बाबांनी भांडं खाली ठेवलं. “सकाळी अंगणात बसलो. गाई गेल्या. बाया पाणी भरून आल्या. तरी सूर्याचा पत्ता नाई. किती उशिरा येते वं तो तिथी! तू झाली तेव्हा मी पाहायलेच गेलो नाई, पोरी.”