भट्टीतून आलेली पट्टी

माझ्या डाव्या पायाला लहानपणापासून कॅलिपर. दोन लोखंडी पट्ट्या, गुडघ्याशी बिजागरी, वरून चामड्याचे पट्टे. पोलिओनं गुडघा आत वळलेला, त्यामुळं आतल्या बाजूची तयार पट्टी मला कधी नीट बसलीच नाही, सारखी तुटायची. आमच्या भालकी गावातला वेल्डिंगवाला तुटलेली जोडून द्यायचा आणि मेली जोडाच्या शेजारीच पुन्हा तुटायची. मग माझा हात मायच्या उजव्या खांद्यावर. वर्षानुवर्षं हेच!

बीदरच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा मात्र पंचाईत झाली. रोज बस, रोज जिने. माय रोज कुठवर येणार?

अण्णा, माझा थोरला भाऊ, तेव्हा हैदराबादेत एका नव्या यंत्रावर कामाला होता. पिठासारखी स्टीलची पूड पसरायची, लेसरनं हवी तेवढीच वितळवायची, वर पुन्हा पूड. असे थर चढत चढत, खालच्या लोखंडी पाट्याला चिकटूनच, वस्तू तयार होते म्हणे. मला वाटलं, थापा मारायलाय. पण त्यानं माझ्या गुडघ्याचं माप नेलं, साहेबांना विचारलं आणि एका सणाला दोन पट्ट्या घेऊनच आला. त्यातली एक चांगलीच वाकडी.

"हे काय आणलास, विळा?"

"यंत्राच्या पाट्यावरनं कापली अन् वाकली की. एकेक थर तापतो, झटक्यात निवतो, खालच्याला ओढतो. तो ताण आतच ऱ्हातो."

"मग दुसरी कामून न्हाई वाकली?"

"तिला पाट्यासकट भट्टीत तापवली, निवू दिली, मग कापली."

तापून लागलेलं दुखणं तापवूनच गेलं? मला काही चैन पडेना. शेजारून कानस मागून आणली आणि दोन्ही घासून बघितल्या. वाकडी दाद देईना. भट्टीतली मात्र जरा सहज घासली गेली.

"अण्णा, तू हिला मऊ केलास!" मी चिडलेच.

"व्हय, जरा झाली मऊ. ती कडक हाय, पण आतून ताणलेली. रोजच्या हिसक्यानं चीर पडंल, अन् तुला कळायचं बी न्हाई. ही आधी वाकंल. एकदम तोंडावर न्हाई पडायचीस."

माझं भांडण तिथंच संपलं. मला पडायची भीती नव्हती, पोरांसमोर पडायची होती. हे मी त्याला कधी बोलले नव्हते, तरी त्याला ठाऊक होतं. त्यानं भट्टीतली पट्टी बोल्टनं बसवून दिली.

शाळेच्या पहिल्या दिवशी माय स्टँडवर सोबत आली. बसचा दांडा धरला, पाय टाकला, आवाज न करता पट्टीनं मला वर घेतलं. आत जाऊन खिडकीतून बघितलं तर माय दाराशीच उभी, सवयीनं उजवा खांदा खाली झुकवून.

"माय, सरळ उभी ऱ्हा की आता!" मी ओरडले, आणि मलाच रडू फुटलं.