घरी आणून द्या

काकी मोबाईलवर बोटाचं टोक कधी टेकवत नसत. बोट दुमडून, दारावर टकटक करावी तसं, त्याच्या पेराने बटण दाबायच्या. "मन्हा हात तिखट शेतस, बापू," म्हणायच्या. त्याच काचेला लागलेलं बोट उद्या कुणी डोळ्याला लावलं तर? नंदुरबारच्या मिरची बाजारात तुम्ही फिरला असाल, तर असे अंगापासून जपून धरलेले हात तुम्हीही पाहिले असतील.

स्टेशनच्या रस्त्यावर त्यांचं मिरची-मसाल्याचं दुकान होतं. मी नुकताच पदवीधर झालो होतो, आमच्या घरातला पहिलाच. वेबसाइटचं काम मागत बाजारभर फिरत होतो. बहुतेकांनी चहा पाजून वाटेला लावलं. काकींनी काम दिलं आणि समोरच्या गिऱ्हाइकाला लगेच सांगूनही टाकलं, "हाऊ आपला बापू. आपलं दुकान मोबाईलमा मांडी ऱ्हायना." तोवर मी एक ओळही लिहिली नव्हती. त्या एका वाक्यावर मला पुढची दोन दुकानं मिळाली, हे त्यांना कधी कळलं की नाही कोण जाणे.

माल निवडून झाल्यावर पैसे भरायचं जे पान असतं, तिथल्या बटणांवरून आमची खरी जुंपली. खरेदीची खूण म्हणून मी चाकांची गाडी काढली होती. काकी म्हणाल्या, "मिरची लेवाले असी गाडी कोण लयस? पिशवी काढ." पिशवी काढली. मग त्यांना भाव कमी करायचं बटण हवं झालं.

"काकी, ऑनलाइनमध्ये घासाघीस नसते."

"भाव नही कया ते गिऱ्हाईकले लेवानी मजा येत नही."

"आणि दाबल्यावर काय होईल?"

"मी 'नही' सांगसू. दुसरं काय?"

शेवटी मी ते बटण ठेवलं. दाबलं की खाली अक्षरं येत: 'काकी नाही म्हणतात.' जवळजवळ प्रत्येक गिऱ्हाईक ते दाबायचं, नकार वाचायचं आणि खरेदी करायचं.

राहिलं शेवटचं बटण. मी तिथे 'ऑर्डर पूर्ण करा' असं लिहिलं होतं. काकींनी ते दोनदा वाचलं. "हाई फौजदारनं बटन शे का? गिऱ्हाईक काय बोलस? घरी आणून द्या, असं बोलस. तेच लिख." मी तेच लिहिलं. मला ते थोडं लांब वाटलं होतं. लहान मोबाईलवर त्याच्या दोन ओळी होत. अक्षरं कमी करू का, असं मी पुन्हा विचारलं, तेव्हा काकींनी चाळणी बाजूला ठेवली आणि मला त्यांच्या लेकीचं सांगितलं.

लेकीने सुरतेला स्वतःच्या मनाने लग्न केलं होतं. काकी लग्नाला गेल्या नाहीत. पुढे काकींचा राग निवळला, पण फोनवर लेक एकदाच बोलली: मी बोलावल्याशिवाय माझ्या दारात येऊ नको. आमच्याकडे तशीही रीत आहेच, बोलावणं आल्याशिवाय लेकीच्या सासरी आई पाय ठेवत नाही. त्या रीतीवर लेकीचा शब्द बसला होता.

"तिनी बोलावं नही, ते मी कशी जाऊ?" काकी म्हणाल्या. "पण मिरची ते तिले लागशीच ना. आईनं दुकान दिसनं, ते एखादवेळ मांगी लेशी." म्हणून दुकान मोबाईलवर मांडायचं होतं. धंदा वाढला तर वाढला.

त्यानंतर मी त्या बटणाला हात लावला नाही.

ऑर्डरी येऊ लागल्या. धुळ्याहून, नवापूरहून, पुण्याहून. सुरतेची ऑर्डर आली की काकी नाव विचारायच्या, आणि मी वाचलं की "बरं" म्हणून पुड्या बांधायला वळायच्या. त्या 'बरं'ची मला धास्ती बसली होती.

एका दुपारी सुरतेहून एक किलो मिरची पूड मागवलेली दिसली. आडनाव अनोळखी, पण पहिलं नाव मला माहीत होतं. मी वाचलं. काकी या वेळी पुड्यांकडे वळल्या नाहीत. पत्ता वाचायला सांगितला. मग पुन्हा एकदा, सावकाश. इमारत, मजला, जवळची खूण. इतकी वर्षं लेक नेमकी कुठे राहते, हे त्यांना माहीतच नव्हतं.

"उद्या कुरिअरवाला येईल तेव्हा देतो," मी म्हणालो.

"कुरिअर कसाले?" काकींनी माझ्या हातातला मोबाईल स्वतःकडे वळवला. "तिनीच सांगं ना, घरी आणून द्या. आते मी जास."

मी म्हणणार होतो की काकी, ते बटण सगळेच दाबतात, त्याशिवाय ऑर्डरच पुढे जात नाही. त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, ते राहू दिलं आणि सुरतेच्या गाडीची वेळ बघितली. शिवाय, दुकान कुणाचं आहे हे काय लेकीला ठाऊक नव्हतं?

सकाळी मी त्यांना सुरतेच्या गाडीत बसवलं. पिशवी त्यांनी वर ठेवू दिली नाही, मांडीवर घेतली. शेजारच्या बाई शिंकल्या, तशा काकी म्हणाल्या, "जराशी सरकीसन बस माय, मिरची शे." गाडी हलली तेव्हा त्या खिडकीतून माझ्याकडे बघत नव्हत्या. पदर नीट करत होत्या.

दिवसभर मी संगणकासमोर बसून होतो. काकींचा फोन आला नाही, मीही केला नाही. संध्याकाळी त्या ऑर्डरीपुढे 'माल मिळाला' अशी खूण उमटली. ती गिऱ्हाइकालाच करता येते.

त्या आठवड्यात दुकानाचं शटर उघडलं नाही. येणारे-जाणारे मला विचारत, काकी आजारी आहेत का. मी सांगायचो, नाही, माल पोहोचवायला गेल्यात.