अक्का, गुंड्या आणि चाचांचं नख

कुत्र्याने काय चघळावं आणि काय चघळू नये हे आमच्या घरमालकीण अक्कांइतकं जळगाव-धुळे दोन्ही जिल्ह्यांत कोणाला कळत नव्हतं, आणि ही गोष्ट दोन्ही जिल्ह्यांना कळावी याची सोय अक्कांनी स्वतःच करून ठेवली होती. ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी नोकरीसाठी धुळ्याहून जळगावला आलो आणि मेहरूणमध्ये त्यांच्या मागच्या दोन खोल्यांत जो राहिलो तो चौदा-पंधरा वर्षं हललो नाही. अक्का शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, गळ्यात तुळशीची माळ, अंड्याचं नाव घरात निघत नसे. पायाशी कायम गुंड्या, तांबडा गावठी कुत्रा. माणसांशी अक्का शाळेतलं मराठी बोलत, गुंड्याशी मात्र माहेरचं खानदेशी.

कुठल्याही कुत्र्याच्या तोंडात पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या झाडाची, वाळकी काडी दिसली की अक्का भर रस्त्यात त्याच्या मालकाला थांबवून शिकवणी सुरू करत. एकदा अमळनेरच्या एसटीत आम्ही चांगली खिडकी धरून बसलो होतो, तर फलाटावर एक कुत्रं कोंबडीचं हाड चावताना त्यांना दिसलं. अक्का उतरल्या. भाकरीचं आमिष दाखवून हाड सोडवेपर्यंत गाडी गेली, आणि अक्कांच्या भाचीच्या लग्नात आमच्या वाटच्या अक्षता कोणीतरी दुसऱ्यांनीच टाकल्या. पुण्याच्या पुतण्याने एकदा वाळलेल्या कातड्याची गाठ मारलेलं तयार चघळणं आणलं. अक्कांनी ते बादलीत भिजत घातलं. संध्याकाळपर्यंत ते फुगून दुप्पट झालं. "पोटात जाऊन हे असंच फुगणार," एवढंच म्हणून त्यांनी बादली पुतण्यापुढे ठेवली. तो पुढच्या खेपेपासून मुकाट्याने बाकरवडी आणू लागला.

हे ज्ञान अक्कांना सहजी मिळालेलं नव्हतं. त्यात माझाही हात होता, हे कबूल करतो. गुंड्या वर्षाचा होता, दात शिवशिवत होते. माझी एक चप्पल आणि अक्कांच्या पाटाचा कोपरा त्याने संपवला, तेव्हा मीच शहाणपणा करून बोकडाचं हाड आणून दिलं. कच्चं हाड अंगणात ठेवणं अक्कांच्या जिवावर आलं. त्यांनी ते तीनदा धुतलं, हळद घालून जुन्या पातेल्यात तासभर उकळलं आणि मग समाधानाने गुंड्यापुढे ठेवलं. घटकाभरात गुंड्या पंजाने तोंड ओरबाडू लागला. तोंडातून रक्त येत होतं. रिक्षात अक्का त्याला मांडीवर घेऊन बसल्या, पांढरं पातळ लाल झालं. जनावरांच्या डॉक्टरांनी घशातून सुईसारखी कपची काढली. हाड शिजवलं की ठिसूळ होतं, त्याच्या अशा कपच्या उडतात, ही आणखी खाली गेली असती तर कुत्रं हाती लागलं नसतं, असं ते म्हणाले.

"मी हाड शुद्ध करत बसले," अक्का म्हणाल्या, "आणि माझ्याच हाताने त्याच्या घशात सुरी घातली."

पुढच्याच आठवड्यात अक्का माळेसकट खाटीक चाचांच्या दुकानापुढे उभ्या. हाड कच्चंच हवं, गुंड्याच्या तोंडात मावणार नाही एवढं मोठं हवं. पायाची नळी नको, तिने दात तुटतो. छातीचं मऊ हाड असेल तर त्यावर नख दाबून बघायचं, खूण उमटली तर पास. पण अक्का हाडाला हात लावणार कशा? म्हणून नख चाचांनी दाबायचं आणि अक्कांनी चष्मा सावरून खूण तपासायची. चाचांनी पुढेपुढे डाव्या अंगठ्याचं नख खास या कामासाठी वाढवलं. घरी गुंड्या चघळत असेपर्यंत अक्का समोर बसून नामजप करत, आणि तुकडा लहान झाला की तो तोंडातून काढून घ्यायचं काम माझ्याकडे होतं. माझ्या बोटांची काळजी त्या दोघांपैकी कोणालाच नव्हती.

भजनी मंडळात कुजबुज व्हायचीच. अक्का आता तसलं खातात, असं ठरून गेलं. मंडळाच्या प्रमुख बाईंनी घरी येऊन स्पष्टच विचारलं, माळ ठेवायची की ते दुकान?

"माळ माझ्या गळ्यात आहे, गुंड्याच्या नाही," अक्का म्हणाल्या, आणि त्यांना चहा दिला.

तेव्हापासून मंडळात अक्कांना टाळ मिळेना. त्या मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत भजन म्हणू लागल्या. त्यांना त्याचं वाईट वाटे, हे मला ठाऊक आहे. पण दुकानाची खेप एकदाही चुकली नाही.

गुंड्या चौदा वर्षं जगला. शेवटच्या थंडीत तो फक्त दूध-भाकरी खात होता, तरी अक्कांची दुकानाची खेप चालूच होती. गेला त्या सकाळी अक्कांनी त्याचा ओठ बोटाने हलकेच वर केला आणि वर्गाची हजेरी घ्यावी तसं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दात पाहिले. एकही गैरहजर नव्हता. "तुना बठ्ठा दात शेतस रे भाऊ," त्या म्हणाल्या. रडल्या नाहीत. मला म्हणाल्या, चाचांना सांगून या, उद्यापासून हाड काढून ठेवू नका.

चाचांनी ऐकलं, हात पुसले आणि स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं. "अक्काला सांगा, नख मी कापत नाही," ते म्हणाले. "दुसरं पिल्लू आणलं तर लागेल ना."

मी घरी येऊन तो निरोप सांगितला, तेव्हा मात्र अक्का पदर तोंडाला लावून रडल्या.

दुसरं पिल्लू त्यांनी आणलं नाही. पुढच्या वर्षी माझी धुळ्याला बदली झाली. निघताना चाचांच्या दुकानावर निरोप घ्यायला गेलो. त्यांनी डावा हात वर करून मला सलाम केला. नख अजून तसंच होतं.