आडवी काच

दुकानात पुढच्या बाजूला आरसे, दिवे आणि गोड बोलणारे मालक असत. मागे, पडद्याआड, भिंगताई असत. सव्वीस वर्षं त्या एकाच स्टुलावर बसून चष्म्याच्या काचा घासत आल्या होत्या. गिऱ्हाइकाच्या नंबराची चिठ्ठी आत यायची आणि तासाभरात चष्मा बाहेर जायचा. त्यांच्या हातची एकही काच आजवर तक्रार होऊन परत आली नव्हती. मालक हे प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ऐकवत, आणि भिंगताई पडद्यामागे मशीन बंद करून ते दर वेळी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं ऐकत.

त्यांचा नवरा वीज कंपनीत मीटर वाचायचा. सगळे त्याला मीटरराव म्हणत. बत्तीस वर्षं मीटररावांनी लोकांच्या जिन्याखाली वाकून आकडे टिपले. मीटरशी कोणी चाळा केला तर यांना वासावरून कळतं, अशी त्यांची ख्याती होती. जुने चकतीचे मीटर जरासे कलते केले की चकती मंदावते, हे अर्ध्या शहराला ठाऊक होतं. मीटररावांच्या खिशात ओळंबा असतो हे उरलेल्या अर्ध्या शहराला ठाऊक होतं.

मग मीटरराव निवृत्त झाले आणि घरी बसले.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी स्वयंपाकघरातले डबे अक्षरांच्या क्रमाने लावले. त्यामुळे साखर आणि साबणाचा चुरा एकमेकांशेजारी आले. एका सकाळी चहाला फेस आला. त्यानंतर ते घरच्या मीटरचं रीडिंग दिवसातून तीनदा घ्यायला लागले.

"काल संध्याकाळी सात ते आठमध्ये पाऊण युनिट कुठे गेलं?" त्यांनी विचारलं.

"माझ्या डोक्यात गेलं," भिंगताई म्हणाल्या.

महिनाभर त्यांनी कळ काढली. मग एक दिवस दुकानातून येताना गळाची काठी, दोरा आणि घडीचं स्टूल घेऊन आल्या. "डॉक्टर म्हणाले, तुम्हाला मोकळी हवा हवी." कोणते डॉक्टर, हे मीटररावांनी विचारलं नाही. त्यांनाही घरात बसून कंटाळाच आला असावा.

वस्तीपासून वीस मिनिटांवर तलाव होता, आणि तलावाला दगडी बांध. बांधावर रोज दोन निवृत्त माणसं गळ टाकून बसत, एक शिंपी आणि एक पोस्टमास्तर. मीटरराव तिसरे झाले. मासे कोणालाच फारसे लागत नसत, पण त्याचं कोणाला दुःखही नव्हतं, कारण तिथे साहेब होते.

साहेब म्हणजे एक मासा. बुडालेल्या जुन्या पायऱ्यांपाशी, पंपघराच्या भिंतीला लागून, रोज सकाळी बरोबर दहा वाजता पाण्याखाली एक लांब काळी आकृती हलायची. हातभर तरी लांब. आळसात वळायची, वाकायची, पुन्हा सरळ व्हायची. आमिषाकडे ढुंकून बघायची नाही. वेळेवर येऊन काहीच न करणारा म्हणून मीटररावांनी त्याला आपल्या जुन्या वरिष्ठाची पदवी बहाल केली होती. पाण्यावर चकाकी एवढी असायची की आकृतीपलीकडे काही दिसत नसे. तरी दोन वर्षं तिघे त्याच्यामागे हात धुऊन लागले होते.

आणि भिंगताईंच्या घरात दोन वर्षं साखर साखरेच्या जागी होती.

पुढचं सगळं शिंप्यामुळे घडलं. त्याने रस्त्यावरून एक काळा चष्मा घेतला, तो घालून पाण्यात पाहिलं आणि जाहीर केलं, "साहेबांना मिशा आहेत."

मीटरराव तणतणत घरी आले. "काळी काच आहे नुसती! त्याला काय कप्पाळ दिसणार? मला असली पाहिजे. पोलराइज्ड. घरात भिंगवाली असून मी डोळे बारीक करून बसायचं म्हणजे दिव्याखाली अंधार!"

"देते की," भिंगताई म्हणाल्या. तेव्हा त्यांच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. काचांच्या कंपनीच्या सेल्समनकडून त्यांनी एक नमुन्याचा चष्मा मागून घेतला. पण स्वतः पारखल्याशिवाय काच हातात द्यायची नाही हा त्यांचा नेम. दुसऱ्या दिवशी मीटरराव डबा विसरून गेले, तेव्हा दुकान उघडायच्या आधी डबा घेऊन त्याच बांधावर गेल्या. दहाला पाच कमी होते. तिघे पाठमोरे बसले होते. भिंगताईंनी चष्मा चढवला आणि पाण्याकडे पाहिलं.

चकाकी पुसल्यासारखी गेली. पायऱ्या दिसल्या, शेवाळ दिसलं. पंपघरात घरघर सुरू झाली, पाण्याला ओढ लागली, आणि साहेब हलले.

साहेब म्हणजे पँट होती. कंबर एका गंजक्या सळईला अडकलेली, एक पाय चिखलात रुतलेला, दुसरा मोकळा. पंप सुरू झाला की मोकळ्या पायात पाणी भरायचं, तो फुगायचा, उचलला जायचा, गुडघ्यात वाकायचा. मागच्या खिशाचं बटणसुद्धा जागेवर होतं. पायाची शिवण उसवून दोरे लोंबत होते, त्या मिशा. आयुष्यभर पँटी शिवलेला माणूस चार हातांवर बसून त्या दोऱ्यांना मिशा म्हणत होता!

भिंगताईंना हसू आवरेना. त्यांनी डबा तिथेच ठेवला आणि तोंडाला पदर लावून मागच्या मागे निघाल्या. पण दुकानात पोचेपर्यंत हसू मावळलं होतं. आज नवऱ्याला हे दिसलं, की उद्या तो घरी. परवा पुन्हा चहाला फेस.

तेव्हापासून चष्मा निवडायचं काम फार काटेकोरपणे सुरू झालं. भिंगताई रोज एक नमुना आणायच्या आणि स्वतःच नापास करायच्या.

"ही राखाडी काच खोल समुद्राला ठीक. तलावाला नाही चालत."

"मग तपकिरी आण."

"तपकिरीच हवी. पण ही फ्रेम बघा, कडेला फट राहते. मागून उजेड शिरला की काच कितीही चांगली असो, पैसे पाण्यात."

"मग कडेने झाकणारी आण."

"आणली. नाकावर जड आहे. दुपारपर्यंत वळ उठेल."

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. तीन आठवडे त्या खरं बोलत राहिल्या. शेवटी मीटररावांचा धीर सुटला. "तुझ्याच्याने होत नसेल तर सांग. मी चौकातल्या दुकानातून घेतो."

चौकातलं दुकान! तिथला कारागीर काच घासतो की कुरतडतो, असा भिंगताईंना कायम प्रश्न पडे. शिवाय तिथे नवऱ्याने खरंच चांगला चष्मा घेतला तर? त्या म्हणाल्या, "उद्या संध्याकाळी तुमचा चष्मा तयार असेल. तुमच्या नंबरासकट."

दुसऱ्या दिवशी त्यांनी उत्तम तपकिरी काच निवडली. हलकी, गोल, कडेने झाकणारी फ्रेम घेतली. आणि मग एक गोष्ट केली, जी सव्वीस वर्षांत कधी केली नव्हती.

पाण्यावरून उसळणारी चकाकी आडवी येते. पोलराइज्ड काच म्हणजे उभ्या गजांची खिडकी समजा. आडवी धरलेली फळी उभ्या गजांतून आत शिरत नाही, तशी चकाकी बाहेरच अडते आणि पाण्याचा तळ दिसतो. पण तीच काच पाव फेरा फिरवून बसवली तर गज आडवे होतात. मग चकाकी बिनबोभाट आत येते, आणि अडतो तो बाकीचा कामाचा उजेड. काच तीच, अस्सल, कुठल्याही परीक्षेत पास होणारी; फक्त चष्मा नसताना दिसायचं त्याहूनही कमी दिसणार. भिंगताईंनी दोन्ही काचा बरोबर पाव फेरा फिरवल्या, फ्रेममध्ये बसवल्या, मऊ फडक्याने पुसल्या आणि डबीत ठेवल्या.

बांधावर चष्म्याची परीक्षा झाली. पोस्टमास्तरांनी चष्मा लावून मोबाइल समोर धरला आणि गोल फिरवला. एका ठिकाणी पडदा काळाठिक्कर पडला. "असली आहे!" त्यांनी निकाल दिला. शिंप्याचं तोंड उतरलं. मीटररावांनी चष्मा लावून पाण्याकडे पाहिलं. पाणी पत्र्यासारखं तळपत होतं.

"काय दिसतं?" दोघांनी एकदम विचारलं.

मीटररावांनी चष्मा नाकावर नीट बसवला. बायकोच्या हातचा, तीन आठवडे निवडलेला चष्मा. "सगळं," ते म्हणाले. "मिशा डावीकडे जरा आखूड आहेत."

घरी येऊनही त्यांनी तेच सांगितलं. "खवले मोजता येतात अगदी!" भिंगताईंनी मान खाली घालून ताट वाढलं. नवरा इतकं सफाईदार खोटं बोलतो हे त्यांना लग्नाला पस्तीस वर्षं होऊन नव्यानेच कळत होतं.

दहा-बारा दिवस असेच गेले. मग एका दुपारी मीटररावांनी घरी मासे आणले. तीन, वीतभर लांबीचे. दुसऱ्या दिवशी चार. तिसऱ्या दिवशी पाच. भिंगताई चक्रावल्या. उघड्या डोळ्यांनी दोन वर्षांत या माणसाला सर्दीखेरीज काही लागलं नव्हतं, आणि आता आंधळ्या चष्म्यातून पाच मासे?

सुट्टीच्या दिवशी त्या गुपचूप बांधावर गेल्या. शिंपी आणि पोस्टमास्तर सरळ बसलेले. आणि मीटरराव बांधावर चक्क कुशीवर आडवे पसरलेले, एका हाताची उशी, डोळ्यावर चष्मा, दुसऱ्या हातात काठी.

भिंगताईंनी कपाळावर हात मारून घेतला. काच आडवी होती; माणूस आडवा झाला. काच उभी झाली!

झालं होतं असं, की आठ दिवसांपूर्वी जेवण झाल्यावर मीटररावांना तिथेच डुलकी लागली. कुशीवर झोपलेले. जाग आली, डोळे उघडले, तर तळ स्वच्छ दिसतोय. उठून बसले, चकाकी. आडवे झाले, तळ. चार-पाच वेळा उठबस केली, तेव्हा पोस्टमास्तरांना वाटलं, यांना झटका आला. मीटररावांनी पँट पाहिली, बटण पाहिलं, आणि पँटीच्या आडोशाला जमलेले वीतभर मासेही पाहिले. दोन मित्रांपाशी त्यांनी अवाक्षर काढलं नाही. पण बत्तीस वर्षांचा अनुभव गप्प बसू देईना. वस्तू कलती केली की काम बदलतं. हा प्रकार त्यांनी शेकडो जिन्यांखाली पकडला होता. इथे फक्त चोर घरातला होता.

दोन दिवसांनी भिंगताई पडद्याआड काम करत असताना बाहेरून ओळखीचा आवाज आला. "तक्रार आहे."

मालक उडालेच. "आमच्याकडे? ताईंच्या काचेची?"

"तपासा. काच आडवी बसवलीय."

मालकांनी चष्मा तपासणीच्या यंत्रात धरला. आकडा पाहिला, चष्मा काढून पुन्हा धरला, पुन्हा पाहिला. मग हाक मारली, "ताई, जरा बाहेर या."

भिंगताई हात पुसत बाहेर आल्या. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, आणि दोघंही आरशात बघायचं सोडून इकडे बघत होती.

"चूक म्हटली तर दोन-चार अंशांची होते," मालक म्हणाले. "फार तर दहा. ताई, ही बरोबर नव्वद आहे. दोन्ही डोळ्यांना. केसभरसुद्धा इकडे तिकडे नाही. अशी चूक करायला फार हातखंडा लागतो."

"हातखंडा आहेच तिचा," मीटरराव म्हणाले.

मालकांना आधी काय करावं कळेना. मग ते खोकल्याचं निमित्त करून काउंटरखाली वाकले आणि बराच वेळ वर आले नाहीत. भिंगताईंनी चष्मा उचलला, आत गेल्या आणि वीस मिनिटांत काचा उभ्या करून आणून दिल्या.

बोलणं झालं ते घरी जाताना, रस्त्यात.

"कधी कळलं होतं तुला पँटीचं?"

"डबा विसरलात त्या दिवशी."

"आणि सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर घरी बसला असतात. चहात साबण घातला असतात."

"तो एकदाच पडला."

"एकदा पुरे झाला." त्या थोडं चालल्या. "अहो, मला सकाळचा एक तास कोणी काही विचारलेलं नको असतं. कुठलंही युनिट."

मीटरराव थांबले. "एवढंच ना? तोंडाने सांगायचं. त्यासाठी अस्सल काचेचा जीव कशाला घेतलास?"

"तोंडाने सांगितलं असतं तर रुसला असतात."

यावर मीटररावांनी विचार केला. "रुसलो असतो," ते म्हणाले. मग पुढे, "पण सेल्समनला सांगून शिंप्यालाही एक तपकिरी मागव. बिचारा मिशांवर शपथा घेतोय. बसव मात्र..."

"उभी?"

"छे! आत्ताच कशाला? राहू दे महिनाभर."

दुसऱ्या दिवशी सकाळी मीटरराव उठले तेव्हा भिंगताई जाग्या होत्या, पण डोळे मिटून पडून राहिल्या. स्वयंपाकघरात भांडं आदळलं, कोणीतरी हलक्या आवाजात त्याची समजूत काढली, मग दार लोटल्याचा आवाज आला. त्या उठल्या तेव्हा ओट्यावर त्यांच्यासाठी चहा झाकून ठेवलेला होता. तो कोमट होता आणि त्यात आलं एवढं होतं की पहिल्या घोटाला डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी खिडकीशी बसून, कोणी काही विचारत नसताना, तो सगळा संपवला.