चहा नको म्हणणारा

टीव्हीच्या दुकानाच्या काचेआड आमच्या जुन्या रहस्यमालिकेची जाहिरात चालू होती. नवं पर्व येतंय म्हणे. आता काय उरलंय दाखवायला? मागच्या पर्वात मेलेला खलनायक परत आणला, तेव्हा “काहीही दाखवतात!” म्हणून मी हसले होते.

आई मात्र मन लावून बघायची. तिचा एकच नियम होता: “जो चहा नको म्हणतो, तोच खुनी.” बहुतेकदा चुकायची, पण पुढच्या वेळी तितक्याच ठामपणे सांगायची.

तेवढ्यात पडद्यावर एका पाहुण्याने चहाचा कप बाजूला सारला. “आई, हाच बघ!” मी बोलून गेले. शेजारी कुणी नव्हतं. आई गेल्यानंतरचं हे पहिलंच पर्व.

बघणार आहे मी. आणा म्हणावं मेलेल्यांना परत. यंदा हसणार नाही.