अकरा सेकंदांची बारी, चव्वेचाळीस सेकंदांचा अपमान

"सर्जाची शेवटची बारी हाय. शूटिंग घ्यायला ये," मामांचा फोन आला. सर्जा म्हणजे त्यांचा शर्यतीचा बैल. संगणकावर पोट भरणाऱ्या भाच्याचा त्यांच्या लेखी एवढाच उपयोग, म्हणून शनिवारी पुण्याहून कवठे येमाईला निघालो. तुम्ही जाणार असाल तर सकाळी सहाच्या आत शिक्रापूर ओलांडा, नाहीतर कंपन्यांच्या बसमागे रांगत जाल. शिरूरला मिसळ खा, तर्री मागायला लाजू नका.

बैलगाडा शर्यतीच्या घाटात एकेक गाडा एकटाच धावतो, घड्याळाशी. त्या धावेला बारी म्हणतात. सर्जाच्या गाड्यानं अकरा सेकंदांत निशाण गाठलं आणि मामांनी फेटा उडवला. मी मोबाईलवर सेकंदाला एकशेवीस चित्रं टिपत होतो.

ओट्यावर बसून लॅपटॉपच्या टर्मिनलमध्ये एफएफएमपेग या व्हिडिओच्या प्रोग्रामला एका ओळीचा हुकूम सोडला: वेळ चौपट कर. मंदावलेला आवाज रेड्यासारखा येत होता, तो काढून टाकला. सर्जाचे खूर हवेत तरंगू लागले. मी खूश होऊन क्लिप गावाच्या ग्रुपवर टाकली.

"अकरा सेकंदात पळालाय माझा बैल, ह्यात चव्वेचाळीस दावतंय!" मामा कडाडले. "पार नांगराला जुंपलास की रं!"

"मामा, स्लो मोशन आहे. क्रिकेटमध्ये नाही का दाखवत?"

"तिथं औट हाय का न्हाई बघायचं असतंय. हितं काय? आन् भिर्रर्रची आरोळी कुठंय?"

ग्रुपवर कुणीतरी "बैल थकला वाटतं" लिहिलंच. मी क्लिप तिथून काढली. त्यांच्या बैलाच्या शेवटच्या धावेचं मी हसं केलं होतं, याचं मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सर्जाला पिकअपमधून कासुर्डीला, मामांच्या लेकीकडे न्यायचं होतं. गुडघ्यांमुळे मामांना गोठा झेपत नाही. न्हावरा-चौफुला रस्ता चांगला आहे, फक्त उसाच्या ट्रॉल्यांमागे धीर धरा. कासुर्डीत सर्जानं थेट नव्या गव्हाणीत तोंड घातलं.

"वळून बघितलंबी न्हाई," मामा म्हणाले.

बुधवारी पुण्यात फोन आला. "ते हळूवालं हाय का अजून? मला धाड. ग्रुपवर नगं."

पाठवलं. अर्ध्या तासानं पुन्हा फोन. "अजून हळू व्हतं का?"

"होतं, पण चित्रं कमी पडतात, मामा. सर्जा अडखळत पळेल."

"अडखळू दे. निशाणापतूर पोचला की संपतंय रं."

मी हुकमातल्या चारच्या जागी आठ लिहिलं.