पेरायच्या राहिलेल्या तीन ओळी

त्या संध्याकाळी आम्ही टीव्हीसमोर गहू पेरत होतो. म्हणजे पेरत होती सुमन, माझी बायको. मी शेजारी बसून चुका काढत होतो. शेताचा गेम. "ट्रॅक्टर आधी वळव," मी म्हणालो. "पेरणी माझी हाय, तुम्ही चहा प्या," ती म्हणाली. तीन ओळी राहिल्या आणि तिचे हात दुखायला लागले. उरलेलं सकाळी, म्हणून गेमचा डबा बंद केला. सकाळी ती उठलीच नाही... झोपेतच गेली. महिना होऊन गेला.

मी चौथी शिकलेला, लिहायची सवय नाही. मखमलाबादची भाजीची शेती विकून आम्ही पंचवटीत आलो, तेव्हा तिच्या हाताला काम उरलं नाही. मुलं नोकरीला पुण्याला गेली, त्यांचे गेमचे दोन डबे मागे राहिले. थोरल्याचा पांढरा, धाकट्याचा काळा. इंग्रजी येत नव्हतं, तरी कुठलं चित्र कुठे ते पाठ करून तिने दोन्ही शिकून घेतले.

माझं मत पांढऱ्याला. त्याच्या रिमोटमध्येच माइक. मुलगा तिकडून फोनवर ऑनलाइन आला की नाव दिसतं, सरळ बोलायचं. काळ्याला कानाला वेगळं यंत्र लावा, आणि पडद्यावर चौकोनच चौकोन, त्यात जाहिराती. मी म्हणायचो, "निवडणुकीतली भिंत हाय नुसती." ती म्हणायची, "असू द्या. सोडलं तिथंच उघडतो. तुमचा पांढरा दर वेळी पहिल्यापासून सुरू करतो, तुमच्यासारखा."

तेराव्यानंतर थोरला म्हणाला, "अण्णा, एकट्याला दोन कशाला? एक मी नेतो." मी पांढरा काढून दिला.

"तुम्हाला तर हाच आवडायचा ना?"

"ने म्हणतो ना."

काल संध्याकाळी काळा लावला. ट्रॅक्टर शेतात मध्येच उभा, तीन ओळी कोऱ्या. वाटलं, राहू द्यावं असंच. पेरलं तर तिने सोडलेली जागा पुसली जाईल. बंद केला. पण अर्धी पेरणी आमच्यात कोणी ठेवत नाही. माझे वडील गेले तेव्हा जमिनीची ओल जाईल म्हणून तिनेच मला तिसऱ्या दिवशी पेरणीला उभं केलं होतं.

आज सकाळी अंघोळ करून रिमोट घेतला. दोन ओळी जमल्या. तिसरीला वळवायला उशीर झाला, ट्रॅक्टर बांधावर चढला. शेजारून कोणी काही बोललं नाही. मागे घेतला आणि ओळ पुरी केली.